मॉड्यूल बदलण्याआधी अर्थिंग तपासा

आयटीआय पूर्ण करून म्हापशातील एका गॅरेजमध्ये लागलो, त्या पहिल्याच पावसाळ्यात मी एक चांगले मेमरी सीट मॉड्यूल, म्हणजे चालकाची बैठक लक्षात ठेवून खुर्ची हलवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, निकामी ठरवले. बटण दाबले की चालकाची खुर्ची दोन बोटे सरकून थांबत असे आणि गाडीतल्या दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर मॉड्यूलशी संपर्क तुटल्याचा कोड दिसत असे. मॉड्यूलच्या कनेक्टरवर मीटर लावला, १२ व्होल्ट मिळाले आणि पुरवठा ठीक आहे असे मी समजलो. नवे मॉड्यूल बसवले, तरी खुर्ची दोनच बोटे सरकली. गाडीमालकासमोर काय बोलावे ते त्या दिवशी मला सुचले नाही.

नवशिके नेमके इथेच अडकतात, म्हणून हे सविस्तर सांगतो. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. मोटर मात्र कित्येक अँपिअर मागते. जोडात अर्धा ओहम रोध असेल आणि त्यातून १० अँपिअर वाहू लागले, तर ५ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि उरलेल्यावर मॉड्यूल तग धरत नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी मॉड्यूलच्या अर्थिंगला (करंट बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणाऱ्या तारेला) लावा आणि सोबत्याला बटण दाबून धरायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर चढला तर दोष मॉड्यूलचा नव्हे, वाटेतल्या जोडाचा आहे. माझ्या त्या गाडीत सनरूफची निचऱ्याची नळी तुंबून गालिच्याखाली पाणी साचले होते आणि अर्थिंगच्या तारेचे टोक हिरवे पडले होते. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत गालिचा वरून कोरडा लागला तरी तो उचलून पाहावाच.

खुर्चीखालची पिवळी तार सहसा एअरबॅगची असते. बॅटरीचे ऋण टोक काढून, त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय तिला हात लावू नका, आणि तिच्यावर मीटर तर कधीच लावू नका. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या मेस्तांचे (गॅरेजमधल्या मुरलेल्या कारागिरांचे) इथे ऐकू नका. कोड वाचून सुटे भाग बदलायला शिकवणाऱ्यापेक्षा, तुमच्याच हाती मीटर देऊन शेजारी उभा राहणारा मेस्त पगार कमी देत असला तरी मी त्याच्याकडेच राहीन.

अर्थिंग साफ केल्यावरही खुर्ची तुटक सरकली तर घाबरू नका. मोटरमधला हॉल सेन्सर फिरण्याचे स्पंद पाठवतो, ते मोजूनच मॉड्यूलला खुर्चीची जागा कळते. स्पंद न मिळाल्यास अनेक गाड्यांत ते मोटर थांबवते. तेव्हा सेन्सरच्या तारा तपासा. बॅटरी काढल्यानंतर काही गाड्यांत ही मोजणी हरवते. अशा वेळी मॅन्युअलमधल्या क्रमाने खुर्ची दोन्ही टोकांपर्यंत नेऊन मॉड्यूलला जागा पुन्हा शिकवा आणि मालकाला बसवून त्याची बैठक नव्याने साठवून द्या.