तांबडा रस्सा तांबडा दिसेना!

कोल्हापुरात आमची छोटी खानावळ. नूतनीकरणाला पैसे बेताचेच. डिझायनरचा आकडा ऐकूनच नमस्कार केला. खरी अडचण वेगळीच होती. तांबडा रस्सा वाटीत तपकिरी दिसायचा. चव तीच, पण नवं गिऱ्हाईक बघूनच बिचकायचं. दोष निघाला ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबांचा. स्वस्त एलईडीत लाल रंग नीट उठत नाही. खोक्यावर बऱ्याचदा 'सीआरआय' छापलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. तो ९०च्या पुढचा आणि ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा बल्ब घेतला, नि प्रत्येक टेबलावर खाली सोडून टांगला. छताला उजेड हवाय कुणाला? तिथला काळपटपणाही झाकला गेला. स्वयंपाकघरात आणि गल्ल्यावर मात्र पांढऱ्याच ट्यूबा ठेवल्या.

दुसरी कटकट गोंगाटाची. टाइल्स, सनमायका, वर पत्रा; भांड्यांचा आवाज नुसता घुमायचा. शेगडीपासून लांबच्या भिंतींवर घरच्या जुन्या वाकळा लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवल्या. मागे थोडी पोकळी सोडली, त्यानं आवाज जास्त मुरतो. अधूनमधून उतरवून उन्हात टाकाव्या लागतात, नाहीतर तेलकट वास धरतात.

टेबलं जुन्या बाजारातल्या कडप्प्याची. रंगकाम घरच्यांनीच केलं, ते फार जवळून बघू नका.