सेलमध्ये जुना गेम कसा निवडावा: आधी पीसी बघा, मग वीज, डिस्काउंट सगळ्यात शेवटी

जुना गेम एकदा स्वस्त झाला की पुन्हा पुन्हा स्वस्त होत राहतो. दहा वर्षांपूर्वीचा गेम आज ७५ टक्के डिस्काउंटला दिसत असेल, तर पुढच्या सेललाही तो साधारण त्याच भावात दिसेल, कधी त्याहून खालीही. त्यामुळे ‘आत्ता नाही घेतला तर हातचा जाईल’ ही घाई बहुतेक जुन्या गेमच्या बाबतीत फुकाची असते. काही मोजक्या गेमच्या बाबतीत मात्र ती अगदी खरी असते. ते कोणते हे ओळखता आलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे आपला पीसी, घरातली वीज आणि आपल्याकडचा वेळ.

मी पीसीबद्दलच लिहितोय. लातूर, नांदेड, परभणीकडे अजून तरी पोरं मोबाईलवर खेळतात नाहीतर पीसीवर.

सेल कधी लागतो

स्टीम म्हणजे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान. त्याचे मोठे सेल वर्षाला चार. मार्चमध्ये स्प्रिंग, जूनअखेरीला समर, मग ऑटम, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपणारा विंटर. ऑटम सेल आधी नोव्हेंबरअखेर असायचा, २०२५ मध्ये तो सप्टेंबरअखेर आला. समर आणि विंटर साधारण दोन आठवडे चालतात, बाकीचे दोन आठवडाभर.

समर सेल पडतो ऐन पेरणीत. घरात बियाणं-खताचा हिशोब चाललेला असताना गेमसाठी हजार रुपये मागायला जाऊ नये, एवढं शहाणपण पोरांना असतंच. विंटर सेलपर्यंत सोयाबीन विकून झालेलं असतं. शेतीवरच्या घरात मोठी खरेदी डिसेंबरवर ढकलली तर काही बिघडत नाही, कारण जुन्या गेमचा भाव तेव्हाही तोच असतो.

आठवडी बाजारात दिवस मावळताना भाजीचा भाव उतरतो, म्हणून काही जण मुद्दाम उशिरा जातात. इथे तसं होत नाही. काही तासांपुरत्या लागणाऱ्या फ्लॅश डील स्टीमने २०१५ मध्येच बंद केल्या. सेलच्या पहिल्या मिनिटाला जो भाव, तोच शेवटच्या मिनिटाला. म्हणून पहिल्या रात्री फक्त यादी करायची आणि विकत नंतर घ्यायचं. सेल आपल्या घड्याळाने उन्हाळ्यात रात्री १०:३० ला आणि हिवाळ्यात ११:३० ला सुरू होतो, संपतोही त्याच वेळेला. शेवटच्या अर्ध्या तासावर मात्र राहू नका. यूपीआय नेमकं तेव्हाच अडकतं.

पीसीची कुंडली काढा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक कार्डचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. ‘आय५ आहे’ एवढ्याने काही कळत नाही, कितव्या पिढीचा आहे ते लिहा. विंडोज ७ किंवा ८ असेल तर आधी तेच बदलावं लागेल, कारण १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने त्यांचा सपोर्ट थांबवला आहे.

परभणीचा माझा भाचा मागच्या विंटर सेलला यादी घेऊन बसला होता. पीसी कुठल्याशा ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड, असले आपल्याकडे गल्लोगल्ली विकले जातात. चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, म्हणजे सगळा भार प्रोसेसरमधल्याच इंटेल एचडी ४६०० या ग्राफिकवर.

“मामा, विचर ३ लई स्वस्तात आहे, घेऊ का?”

“कमीत कमी काय लागतंय ते वाच.”

कमीत कमीच्या रकान्यात जीटीएक्स ६६० हे वेगळं ग्राफिक कार्ड होतं. एचडी ४६०० त्याच्या जवळपासही जात नाही. गेम २०१५ चा असला म्हणून २०१५ च्या कुठल्याही पीसीवर चालतो असं नाही. तो त्या वर्षीच्या महागड्या पीसींसाठी बनवलेला असतो. मग आम्ही पोर्टल २ चं पान उघडलं. २०११ चा गेम. ग्राफिकच्या रकान्यात इंटेल एचडी २००० सुद्धा चालेल असं स्पष्ट लिहिलेलं, रॅम २ जीबी, जागा ८ जीबी. तो घेतला आणि मख्खन चालला. अशा पीसीवाल्यांनी नजर २००४ ते २०११ या काळावर ठेवावी. हाफ लाइफ २, पोर्टल, फॉलआउट न्यू व्हेगस असा कितीतरी ऐवज त्या काळात आहे.

एक खाचखळगा फारसा कुणी सांगत नाही. गेम ग्राफिककडून काम करून घेतो ते डायरेक्टएक्स या विंडोजमधल्या सोयीतून. चौथ्या पिढीच्या ग्राफिकवरचं डायरेक्टएक्स १२ इंटेलनेच सुरक्षेच्या कारणावरून नव्या ड्रायव्हरमध्ये बंद केलं आहे. त्यामुळे गेमच्या पानावर ‘डायरेक्टएक्स १२ आवश्यक’ दिसलं की रॅम कितीही असो, पुढे जायचं.

जाणारा गेम कोणता, राहणारा कोणता

आता त्या मोजक्या गेमकडे येऊ. गाड्यांच्या रेसिंग गेममध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या असतात, खरी गाणी असतात. त्यांचा परवाना ठरावीक वर्षांचा असतो. तो संपला की गेम दुकानातून काढून टाकतात. फोर्झा होरायझन ३ असाच २०२० मध्ये गेला आणि होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये. आधी घेतला असेल तर खेळता येतो, नव्याने विकत मिळत नाही. सायबर कॅफेत ज्याच्यासाठी रांग लागायची तो २००५ चा मोस्ट वॉन्टेड आणि क्रिकेट ०७ हे तर आजच्या डिजिटल दुकानात कधी आलेच नाहीत. सेलमध्ये मोस्ट वॉन्टेड दिसतो तो २०१२ चा, वेगळा गेम आहे. नाव बघून चटकन घेऊ नका, साल बघा.

म्हणजे परवान्यावर उभा असलेला गेम, मग तो गाड्यांचा असो, खऱ्या संघांचा असो की सिनेमावर काढलेला असो, मनापासून हवा असेल आणि पीसीवर चालत असेल तर पुढच्या सेलची वाट बघू नका. ज्या कंपनीने स्वतःच पात्रं आणि गोष्ट रचली आहे, तो गेम सहसा कुठे जात नाही. तो थांबवून ठेवा.

याच्या उलट, काही गेम कितीही स्वस्त दिसले तरी घेऊ नयेत. जे एकट्याने खेळायलाही इंटरनेट मागतात ते जुने झाले की सगळं कंपनीच्या सर्व्हरच्या मर्जीवर चालतं. २०१४ च्या द क्रूचा सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाला आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांना उघडतासुद्धा येईना. खरेदीच्या वेळी स्टीम हल्ली स्पष्ट लिहितं की तुम्ही गेम नाही, वापरायचा परवाना घेताय. हे खटकत असेल तर गॉगवर बघा. २००८ मध्ये जुन्या गेमसाठीच सुरू झालेलं दुकान आहे. तिथे इन्स्टॉलर फाइल उतरवून आपल्या हार्डडिस्कवर ठेवता येते, नंतर लॉगिनचीही गरज नाही. अगदी जुना, २००५ च्या आधीचा गेम दोन्हीकडे मिळत असेल तर मी गॉगकडून घेतो. नव्या विंडोजवर चालावा म्हणून त्यांनी थोडी डागडुजी करून दिलेली असते.

मूळ की रिमास्टर

रिमास्टर म्हणजे जुन्याच गेमची नव्याने सजवून काढलेली आवृत्ती. जीटीए सॅन अँड्रियास हे सोपं उदाहरण. मूळ गेम २००४ चा, एका डीव्हीडीत मावायचा. २०२१ मध्ये तीन जुन्या जीटीएची डेफिनिटिव्ह एडिशन आली आणि मूळ गेम स्टीमवरून गायब झाले. नव्या तिन्ही गेमना मिळून ४५ जीबी जागा लागते आणि कार्डही बरं लागतं. जे नाव आपण लहानपणी साध्या पीसीवर खेळलो, तेच आज त्या पीसीवर चालणार नाही. रिमास्टर दिसला की त्याचं पान नवा गेम समजूनच वाचायचं.

एक्स्पान्शनवाल्या, म्हणजे नंतर वेगळे विकलेले जोडभाग असलेल्या गेमचं गणित सोपं आहे. न्यू व्हेगसची अल्टिमेट एडिशन किंवा विचरची कम्प्लीट एडिशन सेलमध्ये नुसत्या गेमपेक्षा थोडीशीच महाग असते. एकेक भाग सुटा जोडत बसू नका.

दिवे गेले तर?

इन्व्हर्टर नसलेल्या घरात हा प्रश्न ग्राफिक कार्डाइतकाच मोठा आहे. मे महिन्यात दुपारी सांगून न सांगता वीज जाते. गेम कसा सेव्ह होतो ते म्हणूनच आधी बघा. हाफ लाइफ २ मध्ये एफ६ दाबलं की जिथे असाल तिथे सेव्ह. वीज गेली तरी मिनिटाभराचंच नुकसान. आयजीआय आठवतो? २००० चा, आपल्याकडे घराघरात खेळलेला. त्यात मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नाही. अर्धा तास बर्फात सरपटत तळापर्यंत पोचावं, टॉवरवरचा गार्ड टिपावा आणि नेमका फॅन थांबावा. मिशन पहिल्यापासून. सॅन अँड्रियासमध्येही सेव्ह फक्त आपल्या घरी जाऊनच होतं. यूपीएस नसेल तर हे गेम पावसाळ्या-हिवाळ्यासाठी ठेवलेले बरे. सेव्हची पद्धत विकीपानांवर मिळते. पीसी गेमिंग विकी तर जुन्या गेमसाठी रोज लागणारी गोष्ट आहे: नव्या विंडोजवर काय बिघडतं, स्क्रीन ताणलेली दिसली तर काय करायचं, सगळं तिथे असतं.

आता किंमत

आता कुठे डिस्काउंटकडे बघायचं. ४,००० च्या गेमवर ७५ टक्के सूट म्हणजे १,०००. ५०० च्या गेमवर ४० टक्के म्हणजे ३००. पहिला आकडा मोठा दिसतो म्हणून हात तिकडे जातो, खिशातून मात्र तिपटीहून जास्त जातात. टक्के वाचूच नका, रुपये वाचा.

मग तो गेम आजवर कितीपर्यंत उतरला होता ते पाहा. स्टीमडीबीवर भावाचा पूर्ण इतिहास दिसतो. इज देअर एनी डीलवर वेगवेगळ्या दुकानांचे भाव एकत्र मिळतात. आजचा भाव आजवरच्या तळाला टेकला असेल तर चालेल. दोनशे रुपये वर असेल तर विशलिस्टला टाकून सोडा, भाव उतरला की मेल येईल. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दर आठवड्याला काहीतरी फुकट असतं, तेही आधी चाळून घ्या. २०२० च्या मेमध्ये तिथे चक्क जीटीए ५ फुकट दिला होता.

रुपये भागिले तास असा हिशोब पुष्कळ जण करतात. मला तो पटत नाही. विचरची मुख्य गोष्ट पन्नासेक तासांची, पहिला पोर्टल तीन-चार तासांचा. लातूरला क्लास लावून नीटची तयारी करणाऱ्या पोराला पन्नास तासांचा गेम घेऊन देणं म्हणजे त्याच्या मानेवर आणखी एक जोखड. त्याच्यासाठी पोर्टल स्वस्त. किती तास लागतात ते हाऊ लाँग टु बीटवर बघून घ्या आणि पुढच्या महिनाभरात जो सुरू करणार असाल तोच घ्या.

घरात दोघं-तिघं खेळणारे असतील तर स्टीम फॅमिलीज लावा. एका घरातल्या सहा जणांपर्यंत लायब्ररी वापरता येते. एकच गेम एकाच वेळी दोघांना चालत नाही, पण दोघं दोन वेगळे गेम खेळू शकतात. तोच गेम भावाने एकदा आणि बहिणीने एकदा असा उगं दोनदा घेऊ नका. ‘अकाउंट शेअर करतो, शंभर रुपये पाठव’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. पासवर्ड बदलला की पैसे गेले, गेमही गेला.

घेतल्यावर लगेच

स्टीमवर परतावा मिळतो, अट दोन: घेऊन १४ दिवस झालेले नसावेत आणि खेळून २ तास. आता हा हिशोब करा. ५० जीबीचा गेम, मोबाईलचा रोजचा २ जीबी डेटा. उतरायलाच २५ दिवस, आणि गेम पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा परताव्याची मुदत केव्हाच संपलेली. ब्रॉडबँड नसेल तर मोठा गेम गावाकडे बसून घेऊ नका. संभाजीनगरला किंवा पुण्याला होस्टेलवर, नाहीतर फायबर असलेल्या मित्राकडे आपल्या अकाउंटने उतरवा, स्टीममधल्या बॅकअपच्या सोयीने हार्डडिस्कवर घ्या आणि घरी येऊन रिस्टोअर करा. खरेदीचं बटण डाउनलोडच्या दिवशीच दाबा, आधी नाही.

डाउनलोडचा वेळ त्या दोन तासांत धरत नाहीत. गेम सुरू करून सेटिंगमध्ये घालवलेला वेळ मात्र धरतात. म्हणून विकीचं पान आधी वाचून ठेवा, रिझोल्यूशन खाली आणा, सावल्या बंद करा आणि ज्या ठिकाणी गर्दी-धुमश्चक्री असते तिथवर पोचून बघा. सुरुवातीच्या रिकाम्या खोलीत सगळेच गेम छान चालतात. तिथे अडखळला तर दीड तासाच्या आत परताव्याचा अर्ज टाका. पैसे ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने नाही आले, तर स्टीम वॉलेटमध्ये जमा होतात आणि त्याच सेलमध्ये यादीतल्या दुसऱ्या गेमला वापरता येतात.