ब्रेडबोर्डवर आठ बिटांचा संगणक बांधायला बसण्याआधी

पहिली वायर खोचायच्या आधी मोठा कागद घ्या आणि त्यावर आठ समांतर रेघा ओढा. ही तुमची बस, म्हणजे सगळ्या भागांनी मिळून वापरायच्या आठ तारा. प्रोग्रॅम काउंटर (पुढची सूचना कोणत्या जागी आहे ते मोजणारा), ॲड्रेस रजिस्टर (रॅममधली जागा धरून ठेवणारं), रॅम, इन्स्ट्रक्शन रजिस्टर (चालू सूचना धरून ठेवणारं), अ आणि ब रजिस्टरं (बेरजेच्या दोन संख्यांसाठी), बेरजेचा भाग, आउटपुट हे सगळे तिच्या दोन्ही बाजूंना मांडा. प्रत्येकासमोर लिहा: हा बसवर बोलतो, की नुसता ऐकतो? जो बोलतो त्याच्यासाठी ७४एलएस२४५ सारखा ट्राय-स्टेट बफर (पाळी नसताना त्या भागाला बसपासून सुटा करणारी चिप) यादीत हवाच. दोन भाग एकदम बोलले की एक रेघ शून्याकडे ओढतो, दुसरा एककडे. चिपा तापतात आणि बसवर भलतंच काहीतरी दिसतं. माझे सगळ्यात जास्त दिवस याच चुकीत गेले, म्हणून हा कागद आधी.

खरेदीला पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. चिपा एकाच कुळातल्या घ्या; कूळ नावातल्या एलएस, एचसी, एचसीटी या अक्षरांवरून कळतं. एलएस चिप ‘एक’ म्हणून किमान २.७ व्होल्टचीच हमी देते, तर ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी चिपेला साधारण ३.५ लागतात, मिसळायचंच असेल तर एचसीटी मागा. ७४१८९ रॅम मिळाली तर तिचे आउटपुट उलटे येतात हे लक्षात ठेवून ७४एलएस०४ सोबत घ्या. ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर मोजून घेऊ नका, मूठभर घ्या, आणि प्रत्येक चिपेच्या पुरवठ्याच्या पायांना लागून एकेक लावा. सगळ्यात लांबच्या बोर्डावर मल्टिमीटर लावून ४.७५ व्होल्टच्या वर आहे ना, ते बघा.

बेरजेसाठी ७४एलएस१८१ चा, म्हणजे बेरीज-वजाबाकी आणि तर्काच्या क्रिया एकाच चिपेत करणाऱ्या एएलयूचा, मोह होईल. चिप सुंदर आहे, पण पहिल्या खेपेला दोन ७४एलएस२८३ (चार-चार बिटांची बेरीज करणाऱ्या) आणि दोन ७४एलएस८६ (हवे तेव्हा बिट उलटे करणाऱ्या एक्सॉर गेटांच्या) पुरतात. ब चे सगळे बिट उलटे करून कॅरी-इनला (हातच्याच्या पायाला) १ दिला की त्याच बेरजेतून वजाबाकी कशी निघते, हे हाताने जोडल्यावर जे समजतं ते वाचून समजत नाही.

क्लॉकसाठी, म्हणजे सगळ्या भागांना एका तालात चालवणाऱ्या ठोक्यांसाठी, ५५५ ही टायमर चिप घ्या, आणि एकेक ठोका देणारं बटणही ठेवा; बटणाची थरथर (एकदा दाबल्यावर अनेक ठोके पडणं) घालवायची सोय त्यातच करा.

आता कंट्रोल, म्हणजे कोणी कधी बोलायचं आणि ऐकायचं हे ठरवणारा, सगळ्यात जास्त वेळ मागणारा भाग. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये मांडलेली मायक्रोप्रोग्रॅमिंगची कल्पनाच इथे वापरायची: कोणत्या ठोक्याला कोणती कंट्रोल रेघ (भागाला बोल किंवा ऐक सांगणारी तार) चालू, याचा तक्ता मेमरीत साठवायचा. चार बिटांचा ऑपकोड (कोणती सूचना ते सांगणारा आकडा) आणि तीन बिटांची पायरी मिळून ॲड्रेस होतो. सोळा कंट्रोल रेघांसाठी २८सी१६ जातीचे दोन ईईप्रॉम (वीज गेली तरी तक्ता न विसरणाऱ्या मेमरी चिपा) लागतात. पहिल्या दोन पायऱ्या प्रत्येक सूचनेला सारख्याच: काउंटर बोलतो आणि ॲड्रेस रजिस्टर ऐकतं, मग रॅम बोलते, इन्स्ट्रक्शन रजिस्टर ऐकतं आणि काउंटर एकने पुढे सरकतो. तक्त्याच्या एकाही ओळीत दोन बोलणारे नसावेत. पायरी मोजणाऱ्या काउंटरला मात्र उलटा क्लॉक द्या, म्हणजे रजिस्टरं भरण्याआधी ईईप्रॉमचे आउटपुट स्थिरावलेले असतात.

पहिला प्रोग्रॅमही कागदावर बिटांत लिहून ठेवा: रॅमच्या १४ व्या जागी २५, १५ व्या जागी १२; पहिली संख्या उचला, दुसरी मिळवा, दाखवा, थांबा. बटणाने एकेक ठोका देत जा आणि प्रत्येक ठोक्याला बसचे एलईडी तक्त्याशी ताडून बघा. शेवटी आउटपुटवर ००१००१०१, म्हणजे ३७, दिसायला हवं.