बर्डीवर फोटो काढायचेत? मग विनोग्रँडकडून एवढं उचला

पहिले तर ती मोठी बॅग घरी ठेवा. दोन लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड असं सगळं लटकवून बर्डीच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजाराच्या, मेन रोडवर गेलात ना, की लोक एकतर तुम्हाला लग्नाचा फोटोग्राफर समजतात नाहीतर "कोन्या पेपरचे भाऊ?" म्हणून विचारतात, आणि एकदा हे सुरू झालं की समोर जे घडून राहिलं होतं ते बंद होते आणि सगळे शर्ट नीट करत उभे राहतात. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड न्यूयॉर्कच्या फुटपाथवर छोटा लायका कॅमेरा आणि २८ एमएमची वाइड लेन्स घेऊन हिंडायचा, बस. तुमच्या मोबाइलचा मेन कॅमेरापण जवळपास तेवढाच वाइड असतो, म्हणजे कॅमेरा नाही हे कारण चालणार नाही.

हा माणूस १९२८ मध्ये ब्रॉन्क्समध्ये जन्मला, कोलंबिया युनिव्हर्सिटीत पेंटिंग शिकायला गेला, तिथं डार्करूम दिसली आणि ब्रश सुटला तो सुटलाच. मग मासिकांची, जाहिरातींची कामं, आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये डिॲन आर्बस आणि ली फ्रीडलँडर या फोटोग्राफरांसोबत 'न्यू डॉक्युमेंट्स' हे प्रदर्शन, तिथून नाव झालं. गंमत म्हणजे 'स्ट्रीट फोटोग्राफर' हा शब्द त्याला बिलकुल आवडायचा नाही.

आता सेटिंग. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, प्रकाशाची काही कमी नाही. आयएसओ (प्रकाश टिपायची क्षमता) ४००, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. २८ एमएमवर फोकस हातानं अडीच मीटरवर लावून सोडून द्या, फुलफ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंत सगळं शार्प येते, मग ऑटोफोकसची वाट पाहायची भानगडच नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी जाऊ नका, रस्त्यावर कुत्रंही नसते आणि तुम्ही चक्कर येऊन पडाल. सकाळी इतवारी-मस्कासाथकडे दुकानं उघडताना, नाहीतर पाचनंतर बर्डी, जेव्हा ऊन तिरपं होऊन सावल्या लांब पडतात.

चालताना गर्दीच्या उलट्या दिशेनं चाला, म्हणजे चेहरे आपोआप समोर येतात. विनोग्रँड लपूनछपून काढायचा नाही, अगदी जवळून काढायचा आणि नजरानजर झाली की हसून मान हलवायचा, मग कॅमेऱ्याशी काहीतरी खुटूखुटू करत पुढं. मी आधी पलीकडच्या फुटपाथवरून झूम मारायचो. एकदा एका पोहेवाल्याच्या ते लक्षात आलं, त्यानं हाक मारून बोलावलं आणि म्हणे, "काहून बे, चोरासारखा काहून काढून राहिला, इकडं ये ना." बरोबरच होतं त्याचं. तर्री पोहे खाऊन, दोन गोष्टी बोलून मग काढलेला फोटो कितीतरी बरा आला. कोणी नको म्हटलं तर डिलीट करा, वाद घालू नका, आणि लहान पोरांचे आईबापाला विचारल्याशिवाय नाहीच.

त्याच्या तिरप्या फ्रेमची नक्कल सगळे करतात आणि सगळ्यांचीच फसते, कारण उगाच कॅमेरा वाकडा केला की झालं असं वाटते. तो एखादा माणूस किंवा खांब फ्रेमच्या कडेशी सरळ धरायचा आणि बाकी जे तिरपं होईल ते होऊ द्यायचा. काहीतरी एक सरळ पाहिजेच.

सरावासाठी माझी आवडती जागा महाराजबाग, आपलं नागपूरचं झू. बर्डीपासून पायी जाता येते. विनोग्रँड आपल्या पोरांना घेऊन सेंट्रल पार्कच्या झूमध्ये जायचा आणि त्यातूनच १९६९ मध्ये 'द ॲनिमल्स' हे पुस्तक झालं, ज्यात पिंजऱ्याच्या आतले जास्त विचित्र की बाहेरचे हेच कळत नाही. तर रविवारी जा आणि पिंजऱ्याकडे पाठ करून उभे राहा. माकड पाहणाऱ्या काकांचे चेहरे पाहा म्हणजे मी काय म्हणतो ते समजेल.

घरी आल्यावर लगेच इन्स्टावर टाकू नका, हे सगळ्यात कठीण आहे. विनोग्रँड फिल्मचे रोल वर्षभर, कधी जास्तही, डेव्हलप न करता तसेच ठेवायचा, कारण काढताना मजा आली म्हणजे फोटो चांगला असं होत नाही, ती मजा विसरली की मग खरं दिसते. मी महिनाभर थांबतो, त्याच्यापेक्षा जास्त माझ्याच्यानं होत नाही. पण इथं त्याचं ऐकायचंही एका हद्दीपर्यंतच. १९८४ मध्ये छप्पन्नाव्या वर्षी कॅन्सरनं गेला तेव्हा सुमारे २,५०० रोल डेव्हलपच झाले नव्हते, म्हणजे एका रोलात ३६ च्या हिशोबानं ९० हजार फोटो त्यानं स्वतःच कधी पाहिले नाहीत, शिवाय हजारो रोल डेव्हलप होऊन तसेच पडलेले. म्युझियमच्या ज्या जॉन झार्कोव्स्कीनं त्याला १९६७ च्या प्रदर्शनात घेतलं, तोच ते शेवटचं काम पाहून निराश झाला. म्हणून मोबाइलमध्ये तारीख लावून ठेवा, महिन्याच्या शेवटच्या रविवारी निवड करायची, शंभरातून दोन ठेवायचे, बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी टाका. काळी-पिवळी मारबत आणि बडगे, म्हणजे मोठमोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, "घेऊन जा गे मारबत" चालू असते. मारबतीचा फोटो सगळेच काढतात, तुम्ही वळून गॅलरीत लटकलेल्यांचा काढा. जुने बूट घाला, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पन्नी बांधा, पाऊस येतेच.