पार्टी चालू असतानाच पाहुण्यांचे फोटो स्क्रीनवर कसे लावायचे

सांगलीला बाबांची पंच्याहत्तरी केली तेव्हा हे सगळं पहिल्यांदा केलं, आणि आता नात्यात कुणाकडे काही असलं की मलाच फोन येतो म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

बाबा एसटीत कंडक्टर होते आणि आमच्या घरात त्यांचा ड्रेसमधला एकही फोटो नव्हता. जेवणं चालू असताना स्क्रीनवर एक फोटो आला, खाकी ड्रेस, खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे, मागे लाल गाडी. बाबा हातातलं ताट तसंच धरून स्क्रीनसमोर उभे राहिले. डेपोतल्या एका काकांनी पाठवलेला फोटो होता, चाळीसेक वर्षं त्यांच्या पेटीत होता. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हॉलमध्ये काढलेल्या सेल्फींपेक्षा पाहुण्यांच्या घरात पडून असलेले जुने फोटो जास्त महत्त्वाचे, तयारी तिथूनच सुरू करा.

पंधरा दिवस आधी

आमंत्रणाबरोबरच मेसेज टाका की तुमच्याकडे आमच्या बाबांचा (किंवा ज्यांचं कार्य आहे त्यांचा) कुठलाही जुना फोटो असेल तर पाठवा. नुसता ग्रुपवर टाकून भागत नाही, जुन्या मित्रांना, मामा-आत्यांना स्वतः फोन करावा लागतो. फोटोचा फोटो कसा काढायचा तेही सांगा: खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन बरोबर वर धरून, आपली सावली पडू न देता. अल्बमचं प्लास्टिक चमकतं, फोटो सहज निघत असेल तर बाहेर काढा पण चिकटला असेल तर अजिबात ओढू नका, फाटतो. अशा वेळी गूगलचं फोटोस्कॅन अ‍ॅप वापरा, चमक बऱ्यापैकी घालवतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असतील तर एचडी करून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा पाठवला की क्वालिटी कमी होते आणि मोठ्या स्क्रीनवर चेहरे फुटतात.

अल्बम

गूगल फोटोजमध्ये दोन अल्बम करा. पहिला सगळ्यांसाठी, त्याची लिंक तयार करायची आणि ऑप्शन्समध्ये कोलॅबोरेट चालू आहे ना ते बघायचं, नाहीतर लोकांना फोटो दिसतात पण टाकता येत नाहीत. दुसरा फक्त तुमचा, स्क्रीनवर जाणारा. लोकांनी टाकलेला फोटो थेट स्क्रीनवर जाऊ देऊ नका, मधे एक माणूस हवाच. कुणी तोंडात घास असताना काढलेला फोटो टाकतं, कुणी चुकून दुसराच स्क्रीनशॉट टाकतं, आणि शंभर लोकांसमोर एखाद्या बाईला अवघडल्यासारखं झालं तर त्या स्लाइड शोला अर्थ नाही. पहिल्यातला फोटो सेव्ह करून दुसऱ्यात टाकायचा. सेव्ह केलेले फोटो तुमच्या फुकटच्या १५ जीबीत मोजले जातात, एक फोटो ३-४ एमबीचा धरला तर ३०० फोटो म्हणजे १ जीबीच्या आसपास, तेवढी जागा आधी रिकामी करा.

फोटो टाकायला गूगल अकाउंट लागतं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी घरातल्या कुणाचा तरी व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्या, आमच्याकडे अर्धे फोटो तिथूनच आले.

क्यूआर कोड

लॅपटॉपवर क्रोममध्ये पहिल्या अल्बमची लिंक उघडून तिचा क्यूआर करता येतो, ए४ कागदावर मोठा प्रिंट काढा. यात आमची एक गडबड झाली. हॉलमध्ये क्यूआर दिसला की लोकांना वाटतं आहेराचा आहे, दोन-तीन जणांनी पेमेंटच्या अ‍ॅपने स्कॅन केला, चालला नाही, आणि आम्ही तर आहेर आणू नका म्हणून छापलं होतं त्यामुळे फारच वाईट वाटलं. तेव्हा कोडच्या वर ठळक अक्षरात लिहा, "इथे फोटो टाका, पैसे नकोत, फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा". कागद टेबलांवर आणि हात धुवायच्या जागेजवळ लावा, दारात कुणी थांबत नाही.

स्क्रीन आणि लॅपटॉप

स्क्रीन स्टेजजवळ नको, औक्षण आणि भाषणं चालू असताना सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. जेवणाच्या बाजूला लावा, रांगेत उभं राहून लोक बघतात. हॉलवाल्यांना आधीच विचारा की टीव्ही आहे का प्रोजेक्टर, आणि एचडीएमआय आहे का जुनी व्हीजीए पिन, त्याप्रमाणे केबल किंवा कन्व्हर्टर घरून न्या. फोन जोडायच्या भानगडीत पडू नका, सगळ्या फोनमधून चित्र बाहेर जात नाही, लॅपटॉपच घ्या. चार्जर लावून ठेवा, स्लीप बंद करा, आणि नोटिफिकेशन तर नक्की बंद करा, नाहीतर कुणाचा तरी खासगी मेसेज सगळ्या हॉलला दिसतो.

मग दुसरा अल्बम उघडायचा, पहिल्या फोटोवर क्लिक, वरच्या तीन टिंबांत स्लाइड शो. नवे फोटो यावेत म्हणून मी दर वीस-पंचवीस मिनिटांनी बंद करून, पेज रिफ्रेश करून परत चालू करत होते. हॉलमध्ये, विशेषतः तळघरातल्या, रेंज नसते, आदल्या दिवशी जाऊन बघून या. जुने फोटो लॅपटॉपच्या फोल्डरमध्येही ठेवा, नेट गेलंच तर विंडोजच्या फोटोज अ‍ॅपमध्ये पहिला फोटो उघडून एफ५ दाबलं की शो सुरू होतो.

हे सगळं बघायला एकच माणूस नेमा आणि त्याला दुसरं काम देऊ नका. आमच्याकडे भाचीने केलं, तिचं जेवण आधी उरकून घेतलं होतं. तिने एक छान केलं, जुना एक नवा एक असे फोटो लावले, त्यामुळे तरुण मुलंही स्वतःचा फोटो यायची वाट बघत थांबली आणि मधले जुने फोटो बघून "हे कोण?" असं आजी-आजोबांना विचारत होती.

नंतर

दुसऱ्या दिवशी लिंक ग्रुपवर टाका, आठ दिवस थांबा म्हणजे राहिलेले लोक फोटो टाकतात, मग कोलॅबोरेट बंद करून सगळं डाउनलोड करून ठेवा. ज्यांनी जुने फोटो दिले त्यांना स्टुडिओतून प्रिंट काढून द्या. डेपोतल्या काकांना बाबा स्वतः जाऊन त्या फोटोची मोठी प्रिंट देऊन आले, येताना काकांच्या पेटीतले आणखी दोन फोटो घेऊन आले.