गोल्फचा स्विंग: कंबर नव्हे, खुबा फिरवा

ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फच्या फटक्यांचा सराव करायच्या मैदानावर, नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हमखास ऐकू येतं, 'साहेब, कंबर फिरवा.' सांगणारा मनापासून सांगत असतो. पण कंबर म्हटलं की आपलं लक्ष पट्ट्याच्या वर, पाठीच्या खालच्या भागाकडे जातं आणि आपण तोच भाग पिळायला लागतो. मी वर्षभर हेच केलं. चेंडू उजवीकडे वळत जायचा आणि बादलीतले चेंडू संपेपर्यंत पाठ धरायची. कमरेचे पाच मणके मिळून एका बाजूला जेमतेम १०-१२ अंश वळतात. पुढेमागे वाकणं हे त्यांचं काम, पिळवटणं नव्हे. खरा फिरतो तो खुबा, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या खोबणीत बसतो तो सांधा. एवढं एक लक्षात आलं की बाकीचं शिकायला सोपं जातं.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

आधी खुबा सापडू द्या

सरळ उभे राहा, बोटांची टोकं जांघेच्या घडीत ठेवा आणि एक गुडघा वर उचला. बोटांखाली जिथे घडी पडते, तिथून शरीर मोडायचं असतं. आता भिंतीकडे पाठ करा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, गुडघे किंचित सैल सोडा आणि पाठीला बाक न काढता त्या घडीतून पुढे झुका. पँटचे मागचे दोन्ही खिसे भिंतीला अलगद टेकले की थांबा. चेंडूसमोर असंच उभं राहायचं, वजन दोन्ही पायांवर सारखं. हे खिसे आणि ही भिंत शेवटपर्यंत आपल्या कामाला येणार आहेत.

तुमचा खुबा किती फिरतो, हेही याच वेळी पाहून घ्या. खुर्चीवर बसा, गुडघे जवळ ठेवा आणि गुडघा न हलवता एक पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. इथे मांडीचं हाड खोबणीत आतल्या बाजूला फिरतं आणि स्विंगला, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) मागे नेऊन फटका मारण्याच्या हालचालीला, लागते ती हीच फिरकी. मांडी घालून बसताना खुबा नेमका उलट, बाहेरच्या बाजूला उघडतो. म्हणून तासभर मांडी घालून बसणाऱ्यालाही ही चाचणी जड जाऊ शकते. पाऊल ३० अंशही जात नसेल तर जोर लावून काही होणार नाही. उभं राहण्याची पद्धत बदला. डावा खुबा आखडलेला असेल तर डाव्या पायाचा चवडा लक्ष्याकडे थोडा उघडा. जुना नामवंत गोल्फपटू बेन होगन डावा पाय असाच थोडा उघडा ठेवायला सांगत असे. उजवा आखडलेला असेल तर उजवा चवडा जरा बाहेर वळवा आणि क्लब मागे नेताना डावी टाच उचलली गेली तर उचलू द्या. गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या, म्हणजे मेजर, अशा १८ स्पर्धा जिंकणाऱ्या जॅक निकलसचीही टाच उचलली जायची.

मागे जाताना

क्लब बाजूला ठेवा, हात छातीवर आडवे घ्या आणि उजवा खिसा मागे भिंतीकडे न्या. डावा खिसा भिंतीपासून सुटेल, उजवा घट्ट दाबला जाईल. ताक घुसळताना रवी जागच्या जागी फिरते, तसं हे फिरणं हवं. उजवा गुडघा थोडा सरळ होईल, डावा चेंडूच्या दिशेने येईल. उजवा गुडघा आहे तसाच वाकलेला ठेवा, असं अनेक जण सांगतात. मला ते पटत नाही. गुडघा अडला की खुबा अडतो आणि उरलेलं वळण पाठीला सोसावं लागतं.

खुबे साधारण ४५ अंश वळतात, खांदे ९०. वजन उजव्या पावलाच्या आतल्या कडेवर आणि टाचेवर जाणवायला हवं. ते बाहेरच्या कडेवर गेलं तर तुम्ही फिरला नाहीत, नुसते उजवीकडे सरकलात.

खाली येताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तळ्यावर टप्पे घेत जावा म्हणून चपटा दगड कसा फेकतो ते आठवा. हात अजून मागे जात असतो आणि डावा पाय पुढे टेकलेलाही असतो. स्विंगमध्येही क्लब वर पोहोचण्याआधीच वजन डाव्या पायाकडे निघतं. डावा खुबा आधी लक्ष्याकडे थोडासा, दोन-तीन बोटं सरकतो आणि लगेच मागे वळायला लागतो. भिंतीपाशी हे नीट कळतं. उजवा खिसा टेकलेला असतानाच डावाही टेकतो, क्षणभर दोन्ही खिसे भिंतीवर असतात, मग उजवा सुटतो आणि डावा दाबला जातो. त्या क्षणी शरीर जरा खाली बसल्यासारखं दिसतं. जुना नामवंत गोल्फपटू सॅम स्नीड याच्या स्विंगमध्ये ते फार स्पष्ट दिसायचं.

डावा खिसा मागे नेतो तो डावा पाय. डाव्या टाचेने जमीन खाली दाबा. गुडघा सरळ होत जाईल आणि खुबा आपोआप मागे ढकलला जाईल. नुसतं 'फिरवतो' म्हटलं की खांदे आधी फिरतात, क्लब बाहेरून येतो आणि चेंडू उजवीकडे वळतो.

क्रिकेट खेळून आलेल्यांनी इथे जपून राहावं. ड्राइव्ह मारताना डोकं पुढच्या पायाबरोबर चेंडूवर नेण्याची त्यांना सवय असते. गोल्फमध्ये, विशेषतः टीवरून (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरून) मारताना, खुबा पुढे जातो पण डोकं चेंडूच्या मागेच राहतं. फारच सरकत असाल तर डाव्या पावलाच्या बाहेर, तळहाताएवढी जागा सोडून एक काठी रोवा. खुबा काठीला धडकता कामा नये.

चेंडूला क्लब लागतो तेव्हा चांगल्या व्यावसायिक खेळाडूचे खुबे लक्ष्याकडे ४० अंशांच्या आसपास उघडलेले असतात. आपल्यापैकी बहुतेकांचे त्या वेळी चेंडूकडेच असतात आणि पोट पुढे आलेलं असतं. पोट पुढे आलं की हातांना जागा उरत नाही, मग कधी चेंडूच्या डोक्यावर फटका बसतो तर कधी मागे मातीत. यावर उपाय एकच, डावा खिसा मागे.

सराव

पहिले दोन आठवडे क्लबशिवाय, रोज १० मिनिटं भिंतीपाशी. हालचाल सावकाश करा. त्यानंतर रेंजवर सात नंबरचं आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचा, मध्यम पल्ल्याचा क्लब) घ्या, पावलं जुळवून उभे राहा, क्लब मागे न्या आणि तो वर जात असतानाच डावं पाऊल लक्ष्याकडे टाकून फटका मारा. निम्म्या वेगाने असे २० चेंडू मारा. मग नेहमीसारखे पाय फाकवून, पण वेग तेवढाच ठेवून आणखी २०. वेग वाढवायची घाई करू नका. घाई झाली की हात पुढे धावतात. जांघेत चिमटा आल्यासारखं झालं किंवा पाठीत कळ आली तर त्या दिवशी थांबा, आणि ती पुन्हा आली तर डॉक्टरांना दाखवा.

शेवट तपासायला विसरू नका. फटक्यानंतर पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे, वजन डाव्या टाचेवर, उजवा पाय फक्त चवड्याच्या टोकावर. चेंडू खाली पडेपर्यंत तसेच उभे राहा. तोल गेला तर वजन कुठे अडकलं ते लगेच कळतं.

महिन्यातून एकदा, लक्ष्याच्या रेषेवर तुमच्या उजव्या बाजूला फोन ठेवून चित्रण करा. सुरुवातीच्या चित्रात मागच्या खिशांना लागून पडद्यावर एक उभी रेघ ओढा. मग एकेक चौकट पुढे सरकवत चेंडूला क्लब लागतो तिथे या आणि डावा खिसा रेघेला टेकलाय का ते बघा.