“ताई, माझं तारण गेलं का?” असं कुणी विचारलं तर

आमची मराठी ख्रिस्ती संगती, म्हणजे प्रार्थनेला जमणारी माणसं, गोव्यात वास्कोत भरते, रविवारी संध्याकाळी, एका विश्वासी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये. माणसं गोदीतली, हॉटेलातली, कुणी गवंडी, कुणी धुणीभांडी करणारी. गाव विचाराल तर गडहिंग्लज, बेळगाव, सावंतवाडी. घरापासून लांब राहणाऱ्याचा पाय इथे पटकन घसरतो. दारू हाताशी आहे, मांडवीत कसिनोच्या बोटी उभ्या आहेत, आणि हॉटेलात रविवारी सुट्टी मिळत नाही, त्यामुळे संगती सुटायला वेगळं निमित्त लागत नाही. मग वर्षा-दोन वर्षांनी तोच माणूस जिन्यात गाठून हळूच विचारतो, “ताई, माझं तारण गेलं का?” तारण म्हणजे येशूने केलेली पापातून सुटका; ती मी गमावली का, असं त्याला विचारायचं असतं.

पंधरा वर्षांपूर्वी मी याचं उत्तर दारात उभं राहून दिलं होतं. मुलगा हॉटेलात स्वयंपाकी होता, बाप्तिस्मा घेऊन वर्षही झालं नव्हतं, आणि पिऊन आला होता. मी त्याला आत घेतलं नाही. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय तोंडपाठ होता, विश्वासातून पडलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे असं सांगणारा. तो ऐकवला आणि म्हणाले, “तुझं तारण गेलं.” तो कठड्याला धरून जिना उतरला. परत आला नाही. चूक माझी होती. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी विचारणारा कोण ते बघा. मी मिरजेत नर्सिंग शिकले. कुष्ठरोगाचा चट्टा तपासताना कापसाची बारीक वात करायची, रुग्णाला डोळे मिटायला लावायचे, वात कातडीला टेकवायची आणि कुठे टेकली ते बोटाने दाखवायला सांगायचं. ज्याला दुखतं त्याची आम्हाला काळजी नसायची. चुलीवर हात भाजून फोड आला तरी ज्याला कळलेलं नसायचं, त्याची असायची. रडत विचारणाऱ्याची नस जिवंत आहे. दुसरा एक असतो, तो हसत विचारतो, “एकदा तारण झालं म्हणजे झालं, हो ना ताई?” प्रश्न एकच असला तरी या दोघांना एकच वचन देऊ नका.

रडणाऱ्याला घेऊन बसा, पण त्याच्या खोलीत बायकोपोरांसमोर नको आणि संगतीत सगळ्यांसमोर तर नकोच. मी खारीवाड्याच्या जेटीकडे जाते, चहा घेते, आणि त्याचं सगळं ऐकून होईपर्यंत पिशवीतून बायबल काढत नाही. मग योहानाचा दहावा अध्याय, 28 आणि 29 ही वचनं. माझ्या मेंढरांना, म्हणजे माझ्या माणसांना, माझ्या हातातून कुणी हिसकावून घेणार नाही असं येशू म्हणतो, आणि लगेच पित्याच्या हाताचंही तेच सांगतो. कुणी कुणाला धरलंय ते त्याला दाखवा. भरल्या बाजारात लेकरू आईचं बोट सोडतं, पण आईने त्याचं मनगट धरलेलं असतं.

त्यानंतर येशूचा शिष्य पेत्र, ज्याने येशू पकडला गेला त्या रात्री त्याला तीनदा नाकारलं. इथे घाई करू नका. लूक 22:31-32 मध्ये येशू त्याला आधीच सांगतो की सैतान तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागतो आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे. आणि पुढे तो ‘वळलास तर’ म्हणत नाही, ‘वळलास म्हणजे’ म्हणतो: मग तुझ्या भावांना स्थिर कर. नाकारणं अजून घडलेलंही नाही आणि परत आल्यावरचं काम नेमून झालं आहे! आता योहान 18:18 काढा. अंगणात कोळशांचा विस्तव आहे, थंडी आहे, पेत्र शेकत उभा आहे आणि येशूला ओळखत नाही म्हणतो. मग 21:9. समुद्रकाठ, पहाट, पुन्हा कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर. मूळ ग्रीकमध्ये त्या विस्तवाचा शब्द सबंध नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. तीनदा नाकारणाऱ्याला येशूने तीनदा विचारलं, ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’, पण आधी न्याहारी दिली. जेटीवर जाळी झटकणारी माणसं समोर असताना हा भाग मी मोठ्याने वाचते, आणि बहुतेक वेळा माणूस इथेच मोकळा होतो.

तो इब्री 6 काढणारच. कुणीतरी, माझ्यासारख्याच कुणीतरी, तो त्याच्यावर फेकलेला असतो. टाळू नका. चौथ्या वचनापासून सहाव्यापर्यंत वाचा, आणि तिथे न थांबता नवव्यापर्यंत या. तिथे लिहिणारा त्याच लोकांना ‘प्रियजनहो’ म्हणून सांगतो की तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगल्या, तारणाशी निगडित गोष्टींची आहे. सहावं वचन मलाही जड जातं. मी ते सौम्य करून सांगत नाही, पण अर्धंही सांगत नाही.

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या चर्चमध्ये, यावर एकमत नाही, हेही त्याला खरं सांगा. 1618-19 साली नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या प्रोटेस्टंट सभेने ठरवलं की ज्यांना देवाने खरोखर नवा जन्म दिला ते पडतील, पण कायमचे जाणार नाहीत. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याचं मत वेगळं होतं: खरा विश्वासीही विश्वास टाकून नाश पावू शकतो. माझी शेजारीण कॅथलिक आहे. तिच्या शिकवणीत मोठ्या पापाने कृपा जाते आणि कुमसाराने, म्हणजे पाद्रीपुढे पाप कबूल केल्याने, परत मिळते. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने 1547 मध्ये त्यासाठी जुन्या आचार्यांचा दाखला घेतला: जहाज फुटल्यावर हाती लागलेली दुसरी फळी. बंदरावर काम करणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. माझा स्वतःचा विश्वास डॉर्टच्या बाजूचा आहे. पण तिन्ही ठिकाणी पडलेल्या माणसाला एकच गोष्ट सांगतात, की ऊठ आणि परत ये.

हसत विचारणाऱ्याला मात्र योहान 10 पावतीसारखं हातात देऊ नका. तीच वचनं जरा मागून, 27 पासून वाचा: माझी मेंढरं माझी वाणी ऐकतात आणि माझ्यामागे येतात. मग इब्री 10:26, समजूनउमजून पाप करत राहण्याबद्दल. एकट्याने भेटून स्पष्ट बोला. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या, मत्तय 18 मध्ये सांगितलंय तसं. आणि शिस्त लावायची वेळ आलीच, तर पाप करत राहणाऱ्याला मंडळीबाहेर काढायला सांगणारा 1 करिंथ 5 वाचणाऱ्या वडीलजनांनी 2 करिंथ 2 सुद्धा वाचावं. तिथे पौल शिक्षा भोगलेल्या माणसाबद्दल म्हणतो, पुरे, आता त्याला क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल.

दारूचं प्रकरण असेल तर नर्स म्हणून सांगते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हात थरथरणं, घाम, नसलेली माणसं दिसणं याला दुष्टात्मा समजून त्याला खोलीत कोंडू नका, उपास तर घडवूच नका. डॉक्टरकडे न्या, गरज पडली तर थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. प्रार्थना रिक्षातही करता येते.

आणखी एक. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून त्याचं नाव संगतीत घेऊ नका, व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नाही. वास्को लहान आहे. संध्याकाळपर्यंत ते त्याच्या मुकादमाच्या कानावर जातं. त्याच्या डोक्यावर कर्ज असेल तर आकडा वहीत लिहून घ्या आणि हप्ता कसा फिटेल ते त्याच्याबरोबर बसून बघा. प्रभुभोजन पुन्हा कधी घ्यायचं ते पाळकांशी आणि त्याच्याशी बोलून ठरवा.

तो परत येईल त्या पहिल्या रविवारी त्याला साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांपुढे आपला अनुभव सांगायला, उभं करू नका. “इतके दिवस कुठे होतास?” हेही विचारू नका. दाराजवळची जागा द्या, म्हणजे हवं तेव्हा उठून जाता येईल. तुम्ही शेजारी बसा. गीतांच्या पुस्तकात पान शोधून ते उघडंच त्याच्या हातात द्या, बरेच महिने झालेले असतात, नंबर आठवत नाहीत.